सीलिंगचे सांधे दिवा लागला की दिसायचे

खानापूरच्या घरात जिप्सम बोर्डाचं सीलिंग नुकतंच रंगवलेलं, पण दिवे लागले की सांधा न् सांधा उठून दिसायचा. पेंटर म्हणाला, "अजून एक हात मारूया की." रंगाने उंचवटा झाकतो होय?

टॉर्च छताला टेकवून आडवा धरला, सावली पडेल तिथे पेन्सिलने खुणा केल्या. १५० नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं, पण सांध्यावर चिकटवलेली टेप उघडी पडेल इतकं नाही. मग सांध्याच्या दोन्ही अंगांना रुंद पत्र्याने जॉइंटिंग कंपाउंड, म्हणजे सांधे भरायची पेस्ट, फूटभर पसरत नेली. उंचवटा कापत बसण्यापेक्षा उतार लांबवला की नजरेला सपाट दिसतं. आमच्याकडच्या पावसाळ्यात ती वाळता वाळत नाही, घाई केली की चिरा. शेवटी २२० नंबरने हलका हात, प्रायमर, आणि अख्ख्या छताला मॅट रंग. नुसते पट्टे रंगवले तर ठिगळं दिसतात.