नोकरी-संसार सांभाळून कादंबरी: बैठकीचं गणित

मराठीतली मध्यम आकाराची कादंबरी 45,000 शब्दांची धरा. पुस्तकाच्या नेहमीच्या डेमी आकारात ती साधारण दीडशे-एकशेसाठ पानं भरते. पाऊण तासाच्या एका बैठकीत 300 शब्द आणि आठवड्याला पाच बैठका झाल्या, तर आठवड्याचे 1,500 होतात आणि पहिला खर्डा 30 आठवड्यांत उतरतो. 300 शब्द म्हणजे फुलस्केपचं सव्वा-दीड पान, ज्याच्या त्याच्या अक्षराप्रमाणे.

आकडा मुद्दाम लहान ठेवला आहे. रोज हजार शब्दांचा संकल्प पहिला आठवडा टिकतो, दुसऱ्यात एक दिवस चुकतो, तिसऱ्यात थकबाकी डोक्यावर बसते आणि वही कपाटात जाते. म्हणून थकबाकी पुढे ओढायचीच नाही. बुडाला तो दिवस बुडाला.

आता भिंतीवरचं कालनिर्णय उतरवा आणि आधी न लिहिण्याचे दिवस खोडा: गणपती, दिवाळी, घरचं लग्न. मूल दहावी-बारावीला असेल तर फेब्रुवारी-मार्च, हिशेबाच्या नोकरीत असाल तर मार्चअखेर, शेती असेल तर पेरणी आणि सोयाबीनची काढणी. उरलेल्या चौकोनांत 150 बैठका मोजा. शेवटची जिथे पडेल ती तुमची खरी तारीख. नऊ-दहा महिने लागले तर दचकू नका. पुढे रोज त्या चौकोनात शब्दांचा आकडा तेवढा लिहायचा.

सगळी भिस्त रविवारवर ठेवू नका. पाहुणे येतात हे तर आहेच, पण सहा दिवसांच्या खंडानंतर बसलं की पहिला तास मागचं वाचून पात्रांचा सूर पुन्हा पकडण्यातच जातो. रोजच्या पाऊण तासाला तो खर्च पडत नाही.

वेळ कुठून काढायची

पहाट बरी की रात्र, यावर वाद घालण्यापेक्षा दोन्ही आठवडा-आठवडा करून बघा आणि आकडे ताडा. मात्र नळाला पाणी साडेपाचला येत असेल तर पाणी भरून झाल्यावरच बसा. मधे उठावं लागणार हे माहीत असलं की मन आधीपासूनच नळाकडे असतं.

"मला जरा लिहायला वेळ द्या" ही मागणी घरात टिकत नाही. "सहा ते पावणेसात मी उठणार नाही, दूध अमुक घेईल, मुलांना तमुक उठवेल" असं नावानिशी ठरलं तर टिकतं. डबे जिच्या अंगावर आहेत तिला हे सर्वात अवघड जातं, म्हणून भाजी रात्री चिरून ठेवण्याचं कामही त्याच बोलण्यात कुणाच्या तरी नावावर टाका.

घरात जागाच नसेल तर स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी चालणारी अभ्यासिका बघा. महिन्याच्या फीत खुर्ची, दिवा आणि शांतता मिळते. कीबोर्डची टकटक तिथे चालत नाही, वही न्या.

लोकलमध्ये उभ्याने मजकूर लिहायच्या भानगडीत पडू नका. तो वेळ पुढच्या प्रसंगात कोण काय बोलेल हे ठरवायला वापरा. सुचलेलं वाक्य फोनवर साधं रेकॉर्ड करा. बोलून टाइप करण्याची सोय गाडीच्या आवाजात गडबडते, विरामचिन्हं गाळते आणि पात्रांची नावं बदलून टाकते.

लक्ष गळतं कुठे

फोन हे एक कारण. तो दुसऱ्या खोलीत ठेवा. घरात आजारी माणूस असेल तर 'डू नॉट डिस्टर्ब' लावून फक्त निवडक नंबरांचे कॉल येऊ द्या.

दुसरं कारण फारसं कुणी बोलत नाही: टायपिंग. रोमन अक्षरांतून मराठी टाइप करताना प्रत्येक शब्दाला तीन पर्याय समोर येतात. 'पाणी' की 'पानी' हे निवडता निवडता वाक्याचा शेवट निसटतो. दीर्घ लेखन करायचं तर इनस्क्रिप्ट, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांची कीबोर्ड-मांडणी, शिका. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की तो कीबोर्ड मिळतो. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. अडतं ते 'दऱ्या', 'सुऱ्या'पाशी: शिफ्ट दाबून जे (ऱ), मग डी (पाय मोडायला), मग य ची कळ. रोज वीस मिनिटांचा सराव महिनाभर करा, पण लेखनाच्या वेळेबाहेर. सरकारी टंकलेखन परीक्षेचा मराठीचा सुरुवातीचा वेग मिनिटाला 30 शब्द आहे. त्या वेगाने 300 शब्द म्हणजे निव्वळ दहा मिनिटं, उरलेला वेळ विचाराला. तोवर हाताने लिहिलेलं उत्तम.

पाऊण तास

पहिली पाच मिनिटं कालचं शेवटचं अर्धं पान वाचा, त्याहून मागे जाऊ नका. पहिल्या प्रकरणापासून वाचत येणाऱ्यांचं पहिलं प्रकरण अकरा वेळा घासलं जातं आणि चौथं कधी लिहिलंच जात नाही.

मग पस्तीस मिनिटं लेखन. माहिती अडली की नेट उघडायचं नाही. उदाहरणार्थ, 1972 च्या दुष्काळी कामावर सुकडी वाटण्याचा प्रसंग आहे आणि ती कशात वाटत हे आठवत नाही. लिहा: "बाईने @@ पुढे केलं." दोन चिन्हं टाका, पुढे चला. शनिवारी ती शोधून सगळ्या शंका एकत्र सोडवा. वाचनालय, जुनी माणसं, फोन हे सगळं त्या दिवशी.

शेवटची पाच मिनिटं सर्वात मोलाची. प्रसंग पुरा करून उठू नका. मधेच थांबा आणि उद्यासाठी दोन ओळी टिपा: "सुभद्रा पोस्टात पोचते, पाकीट टाकत नाही. मागे रांगेत दीर." नुसतं "पुढे: पोस्ट ऑफिस" असं टिपलंत तर उद्या कोरं पान समोर येईल, कारण त्यात करण्यासारखं काहीच नाही.

लिहिलेलं त्याच रात्री व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका. "वा, छान" ऐकलं की काम झाल्यासारखं वाटतं, टीका ऐकली की दुरुस्ती सुरू होते. खर्डा दोन्हीकडून थांबतो. पावसाळ्यात दिवाळी अंकांसाठी कथा मागितल्या जातात. त्या घ्यायच्या असतील तर त्यांचे आठवडेही कॅलेंडरवर आधीच खोडा.

दहा दिवसांचा खंड पडलाच, तर पहिल्या दिवशी फक्त 100 शब्दांचं लक्ष्य ठेवा.

रजा कधी घ्यायची

बरेच जण सुरुवातीलाच आठ दिवसांची अर्जित रजा टाकतात. ती वाया जाते, कारण दिवसाचे आठ तास लिहिण्याइतकं तेव्हा सुचलेलंच नसतं. रजा खर्डा झाल्यावर घ्या. फेरलेखनात अख्खी कादंबरी एकदम डोक्यात धरावी लागते आणि ते पाऊण तासात जमत नाही.

आधी महिनाभर हस्तलिखित बाजूला ठेवा. मग ए-फोरवर, एका बाजूला, 14 पॉइंट, दीडपट ओळ-अंतर, डावीकडे दोन इंच समास सोडून प्रिंट काढा आणि स्पायरल बाइंडिंग करून घ्या. पहिले दोन दिवस सलग वाचा, पेन्सिलीने समासात नुसत्या खुणा करा: कंटाळा आला तिथे रेघ, पटलं नाही तिथे फुली. दुरुस्ती तिसऱ्या दिवशी सुरू करा, आणि फुल्यांपासून. रेघांची बरीचशी पानं शेवटी गाळायचीच असतात.