रोदँसारखी नृत्यरेखाटनं कशी काढावीत?

१९०६च्या जुलैत कंबोडियाच्या राजा सिसोवाथसोबत आलेल्या दरबारी नर्तकींचा नाच शिल्पकार ऑगुस्त रोदँने पॅरिसमध्ये पाहिला आणि तो त्यांच्या मागोमाग थेट मार्सेलला गेला. वय पासष्ट. मोजक्या दिवसांत सुमारे १५० चित्रं झाली. ती पाहून तुमचेही हात शिवशिवत असतील, तर असं करून बघा.

मऊ पेन्सिल (४बी किंवा ६बी), जलरंग आणि स्वस्त कागदांचा गठ्ठा घ्या. महागडा कागद नकोच, त्यावर माणूस जपून रेघ ओढतो.

काढण्याआधी मुद्रा अंगावर घेऊन बघा. ख्मेर, म्हणजे कंबोडियाच्या, नृत्यात गुडघे दुमडलेले, पाठीला बाक आणि बोटं मनगटाकडे उलटी वळलेली असतात. लहानपणापासून ताणून ताणून ती तशी वळवतात. एक हात पुढे करा, दुसऱ्याने बोटं मागे रेटा. मनगटाच्या आतल्या बाजूला कळ येते ना? रेघेत तोच ताण यायला हवा.

आता मुख्य काम. व्हिडिओ लावा, हवं तर वेग निम्मा करा, पण थांबवू नका. (ओळखीच्या नृत्यवर्गात कोपऱ्यात बसू दिलं तर त्याहून उत्तम.) नजर नर्तकीवर ठेवा, कागदाकडे बघायचं नाही. खांद्यापासून निघून कोपर, मनगट आणि बोटांच्या टोकापर्यंत पेन्सिल न उचलता जा. बोटं मोजत बसू नका. नर्तकीचा हात हलला तर खोडू नका, शेजारीच नवा काढा. रोदँच्या चित्रांतही अशा दुबार रेघा दिसतात, आणि खरं तर त्यांच्यामुळेच ते हात अजून हलतात.

एका मुद्रेला अर्धा मिनिट पुरे. बरेच कागद बिघडतील, बिघडू द्या.

मग निवड. बरा वाटलेला कागद खिडकीच्या काचेवर धरा, वर कोरा कागद ठेवा आणि लागतील तेवढ्याच रेघा गिरवा. रोदँही असंच गिरवून घेत असे.

रंग पातळ हवा: त्वचेला गेरूची छटा, वस्त्राला निळी. रेघेच्या आत राहण्याचा अट्टहास नको, ओघळ बाहेर गेला तर जाऊ दे. मुकुट आणि दागिन्यांचा मोह टाळा, नाहीतर चित्राचं कॅलेंडर होतं. वाळल्यावर मनगट ते बोटं एवढीच रेघ पुन्हा गडद करा. चेहऱ्याला हात लावू नका.