खान्देशात नवीन आलात? आधी गल्लीला तुमची ओळख होऊ द्या

बदलीवर आला असाल, एमआयडीसीत नोकरी लागली असेल किंवा मुलांच्या शिक्षणासाठी बिऱ्हाड हलवलं असेल, तर पहिला आठवडा गॅस, पाणी आणि शाळेच्या दाखल्यामागे जातो. त्यातच एक तास काढा आणि आपलं घर कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतं ते विचारून घ्या. मी साताऱ्याहून जळगावला आले त्याला पुष्कळ वर्षं झाली, मुलं इथंच मोठी झाली. दर जूनमध्ये आमच्या कॉलनीत नवी बिऱ्हाडं येतात, त्यांना मी हेच सगळ्यात आधी सांगते.

एकट्या जळगाव शहरात शहर, शनिपेठ, जिल्हापेठ, रामानंदनगर, एमआयडीसी अशी वेगवेगळी ठाणी आहेत, आणि एक रस्ता ओलांडला की हद्द बदलू शकते. प्रत्येक ठाण्याची हद्द बीटमध्ये, म्हणजे छोट्या छोट्या भागांत, वाटलेली असते. आपल्या बीटचे हवालदार कोण, त्यांचा मोबाइल नंबर काय, हे ठाणे अंमलदाराला विचारलं की सांगतात. विचारायला संकोच करू नका. "साहेब, आम्ही अमक्या कॉलनीत नवीन राहायला आलोय," एवढं बोलून यायचं. तक्रार नसताना ठाण्याची पायरी चढायची आपल्याकडे सवय नाही, आणि ती लागायला हवी असं मला मनापासून वाटतं. रात्री दोनला फोन करायची वेळ आली, तर पलीकडच्या माणसाला तुमची गल्ली नेमकी कुठे ते आधीच ठाऊक असतं.

भाड्याने राहणार असाल, तर भाडेकरूची माहिती ठाण्यात देणं हे घरमालकाचं काम. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरही ती भरता येते. मालक म्हणाले "पाहू पुढं," तरी तुम्ही मागे लागा आणि पोच घेऊन ठेवा. तुम्ही कोण, कुठून आलात याची नोंद असणं तुमच्याच फायद्याचं आहे. हे असं का म्हणते ते पुढे येईलच.

आता गल्लीविषयी. इथले लोक थेट विचारतात. कुठले तुम्ही, गाव कोणतं, घरी कोण कोण असतं, साहेब कोणत्या कंपनीत? पुण्या-मुंबईकडून आलेल्यांना ही उलटतपासणी वाटते आणि ते तुटक उत्तरं देऊन दार लावून घेतात. तसं करू नका. हे प्रश्न विचारणाऱ्या मावशीच उद्या तुमच्या दाराकडे लक्ष ठेवणार आहेत. ऊन उतरलं की ओट्यावर, गेटपाशी खुर्च्या टाकून, शेंगा सोलत बसणाऱ्या बायका ही आमच्या कॉलनीतली सगळ्यात भरवशाची गस्त आहे. एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कोपऱ्यावरचं कुटुंब गावी गेलेलं होतं. दुपारच्या सामसुमीत दोघं मोटारसायकलवरून त्या घरापुढून दोनदा गेले, तिसऱ्यांदा गेटशी थांबून कुलपाकडे बघायला लागले. समोरच्या मावशी उठल्या, रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "कोणाकडे आले भो?" त्या दोघांनी कुठलंसं आडनाव सांगितलं. त्या नावाचं गल्लीत कोणी नव्हतं. मावशींनी तोवर नंबर प्लेट पाठ केली होती. त्यांनी आरडाओरडा केला नाही, माणसं जमवली नाहीत; घरात येऊन बीट हवालदारांना फोन केला आणि संध्याकाळी गस्तीची गाडी दोन चकरा मारून गेली. शेजाऱ्यानं करायचं ते एवढंच, आणि एवढं पुरतं.

आखाजी, दिवाळी आणि मे महिना हे घरफोडीचे दिवस. लेकीबाळी माहेरी जातात, घरं बंद असतात. जळगावचं सोन्याचं वेड तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, चोरालाही आहे. गावी जाताना दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, दूध आणि पेपर बंद करा, शेजारी किल्ली नसली तरी निदान फोन नंबर द्या, आणि बीट हवालदारांना तारखा कळवा. प्रवासाचे फोटो परत आल्यावर टाका.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरून आलेल्याला सुचणार नाही. मे महिन्यात इथं पारा 44-45 पर्यंत चढतो. रात्री कूलर लावूनही खोल्या भट्टीसारख्या तापतात, म्हणून सगळं घर गाद्या, पाण्याची घागर घेऊन गच्चीवर झोपायला जातं. तुम्हीही जाल. पण खालचं दार नुसतं ओढून घेऊन वर जाऊ नका. वर गाढ झोपलेल्या माणसाला खालच्या कपाटाचा आवाज येत नाही. पुढच्या आणि मागच्या दोन्ही दारांना कुलूप लावा, जिन्याच्या दाराला वरून कडी घाला, किल्ली उशाखाली घ्या. कूलरसाठी म्हणून खिडकी उघडी राहते, तिचे गज हलवून बघा.

घरात वयस्क आई किंवा सासू असतील तर त्यांना तोतया पोलिसांबद्दल बसवून सांगा. सकाळी देवळात किंवा फिरायला निघालेल्या बाईला दोन जण अडवतात. "आजी, पुढे खून झालाय, तपासणी चाललीय, दागिने काढून रुमालात बांधा," म्हणतात. पुडी बांधायला मदतही करतात. घरी येऊन उघडावी तर आत खडे. खरा पोलीस कधीही अंगावरचे दागिने काढायला सांगत नाही. दागिने पॉलिश करून देतो म्हणत दारात येणाऱ्यालाही दारातूनच परत पाठवायचं. मोटारसायकलचं म्हणाल तर फुले मार्केट असो की आठवडे बाजार, हँडल लॉक करूनही चाकाला वेगळं कुलूप लावा. मोबाइल हरवला तर लागेल म्हणून स्टार-हॅश-झिरो-सिक्स-हॅश दाबून दिसणारा आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, आजच लिहून ठेवा.

आणि झालंच काही, तर 112. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका, सगळं त्याच नंबरवर. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच 1930. तिथं मिनिटामिनिटाला महत्त्व असतं, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आधी गोठवता येतात. भुसावळच्या आसपास रेल्वेत काही घडलं तर 139. घर फोडलेलं दिसलं तर आत जाऊन आवराआवर करू नका, कपाटाला हात लावू नका, ठसे पुसले जातात. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता हा नवा कायदा लागू झाला आहे. गुन्हा कोणत्याही हद्दीतला असो, ज्या ठाण्यात तुम्ही पोचाल तिथं दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस स्वतःहून तपास करू शकतात अशा गुन्ह्याची, फिर्याद द्यायचा तुम्हाला हक्क आहे. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. नोंद घ्यायला टाळलंच तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पाठवता येतो, त्यापुढे न्यायदंडाधिकारी आहेत. "नुसता अर्ज देऊन जा," असं कोणी म्हटलं, तर शांतपणे म्हणा, "साहेब, गुन्हा दाखल करून प्रत द्या."

शिक्षक, ग्रामसेवक, बँकवाले म्हणून खेड्यावर नेमणूक झाली असेल, तर तुमचा पहिला माणूस पोलीस पाटील. 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमानुसार नेमलेला हा गावातलाच माणूस असतो. गावात कोण नवीन आलं, कुठे कुरबुर आहे, कोणाच्या मळ्यातून मोटार आणि केबल गेली, ही खबर ठाण्यापर्यंत तोच पोचवतो. चहाला जाऊन त्यांना भेटा, ओळखपत्र दाखवा, कामाचं स्वरूप सांगा.

हे मी इतकं हट्टानं सांगते त्याला कारण आहे. 1 जुलै 2018, रविवार, बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी पाच माणसं आली होती. नाथपंथी डवरी गोसावी, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले, भिक्षा मागून पोट भरणारे. त्या दिवसांत मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा अफवा व्हॉट्सॲपवर उठल्या होत्या. जमावानं त्यांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठार मारलं. पाचही जण निरपराध होते. तेही बाहेरगावचे होते, तुमच्या-माझ्यासारखे.

म्हणून कॉलनीच्या ग्रुपवर "सावधान, टोळी आली आहे" असा मेसेज आला की तो पुढे पाठवू नका. बीट हवालदारांना विचारा, आणि त्यांनी जे सांगितलं ते त्याच ग्रुपवर लिहा. अनोळखी माणूस संशयास्पद वाटला तर मावशींसारखं करायचं: विचारायचं, लक्षात ठेवायचं, फोन करायचा. डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्याला नागरिक धरू शकतो, पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. त्याला मारहाण करायचा अधिकार कोणालाच नाही. पाच किंवा जास्त जणांनी मिळून वंश, जात किंवा समुदाय, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून खून केला तर त्यातल्या प्रत्येकाला जन्मठेप किंवा फाशी आहे. कॉलनीच्या बैठकीत हे कोणीतरी मोठ्यानं बोलायला हवं. तुम्ही नवीन असलात तरी बोला.

राहिली शांतता समिती. गणपती, ईद, आंबेडकर जयंतीच्या आधी ठाण्यात तिची बैठक होते. धुळ्यानं 2008 आणि 2013 साली दंगली सोसल्या आहेत, त्यामुळे इकडे ही बैठक नुसता रिवाज म्हणून घेऊन चालत नाही. भिवंडीचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. 1984 च्या भीषण दंगलीनंतर तिथं सुरेश खोपडे हे पोलीस अधिकारी आले. त्यांनी 1988 पासून मोहल्ला समित्या बांधल्या, दोन्ही समाजांची साधी माणसं पोलिसांसोबत नियमानं एकत्र बसवली. 1992-93 ला मुंबई पेटली तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. आपल्याकडच्या बैठकीत बऱ्याचदा तीच ती पुढारी मंडळी पहिल्या रांगेत दिसतात, बायका तर हाताच्या बोटांवर. ठाणे अंमलदारांना तारीख विचारून ठेवा आणि जा. बंद पडलेला पथदिवा, शाळेच्या वाटेवर उभी राहणारी टवाळ पोरं, मिरवणुकीच्या वाटेवरचं अरुंद वळण, जे दिसलं ते सांगा. पुढच्या बैठकीला शेजारणीलाही सोबत न्या.