अमेरिकेच्या स्थापनाकाळातील पत्रे कशी वाचावीत

लातूर किंवा नांदेडच्या महाविद्यालयात इतिहास शिकणाऱ्याला अमेरिकेच्या स्थापनाकाळातील पत्रे वाचण्यासाठी आता समुद्र ओलांडावा लागत नाही. तेथील राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१३ मध्ये खुल्या केलेल्या ‘फाउंडर्स ऑनलाइन’ या संग्रहात वॉशिंग्टन, फ्रँकलिन, ॲडम्स, जेफर्सन, हॅमिल्टन व मॅडिसन यांचा पत्रव्यवहार टिपांसह विनामूल्य वाचता येतो. वाचताना मात्र एक प्रश्न सतत मनात ठेवावा : हे पत्र कोणाच्या नजरेस पडेल, असे लिहिणाऱ्याला वाटत होते?

सुरुवात मायन्यापासून करावी. आपल्या घरच्या जुन्या ट्रंकेतील पोस्टकार्डावर ‘शि. सा. न. वि. वि.’ दिसले, म्हणून लिहिणाऱ्याने खरोखर साष्टांग दंडवत घातला असे आपण मानत नाही. ‘आपला अत्यंत आज्ञाधारक व नम्र सेवक’ ही त्या काळची इंग्रजी अखेरही तशीच वाचावी, कारण कट्टर विरोधकालाही ती लिहिली जाई.

घरगुती पत्र निवडायचे तर ॲबिगेल ॲडम्स यांनी ३१ मार्च १७७६ रोजी ब्रेनट्रीहून फिलाडेल्फियातील पतीला लिहिलेले घ्यावे. नवे कायदे करताना स्त्रियांचा विसर पडू देऊ नका, एवढेच वाक्य सर्वत्र उद्धृत होते, आणि परीक्षेच्या वहीतही तेवढेच उतरते. पूर्ण पत्रात मात्र तुमची पत्रे माझ्या निम्म्यानेही लांब नसतात ही तक्रार आहे, बॉस्टनमधील देवीच्या साथीची धास्ती आहे, आणि सैन्याच्या डॉक्टराने वापरून घाण करून ठेवलेल्या तेथील घराची हकिकतही आहे. या संसारी मजकुरातूनच ती मागणी वर येते. जॉन यांचे १४ एप्रिलचे उत्तर लगेच शेजारी ठेवून वाचावे. त्यांनी ती मागणी हसण्यावारी नेली आहे.

राजनैतिक पत्राची गोष्ट निराळी. ब्रिटनमधील पहिले अमेरिकी वकील (पेशवाईच्या अर्थाने) म्हणून जॉन ॲडम्स १ जून १७८५ रोजी तिसऱ्या जॉर्जला भेटले आणि दुसऱ्याच दिवशी परराष्ट्र सचिव जॉन जे यांना त्यांनी वृत्तांत धाडला. दाराशी एक, अर्ध्या वाटेवर दुसरा आणि राजासमोर तिसरा मुजरा, इतका तो बारीक आहे. विभक्त होण्यास मी सर्वांत शेवटी संमती दिली, हे राजाचे उद्गारही त्यातच सापडतात. पण आपल्याला आठवले त्याप्रमाणेच हे शब्द दिले आहेत, असेही ॲडम्स पुढे सांगतात. म्हणून अहवाल शेवटपर्यंत वाचल्याखेरीज अवतरण उतरवून घेऊ नये.

शेवटी हाती असलेला कागद मसुदा आहे, नक्कल आहे की प्रत्यक्ष पोहोचलेले पत्र, हे संपादकीय टिपेतून पाहावे. मोडी कागद हाताळलेल्यांना ही सवय असतेच. फ्रँकलिन यांनी ५ जुलै १७७५ रोजी लंडनचे मुद्रक विल्यम स्ट्रॅहन यांना, आपण फार दिवसांचे मित्र होतो, आता तुम्ही माझे शत्रू आहात आणि मी तुमचा, असे लिहिले. मैत्री तुटल्याचा पुरावा म्हणून ते वापरण्याचा मोह होतो. ते पत्र त्यांनी स्ट्रॅहन यांना कधी पाठवलेच नाही.