भूकंपानंतरच्या कॅम्पसवर सिव्हिलचं मास्टर्स: बेळगावच्या पोरांसाठी चार गोष्टी

बेळगावातली, खानापूर-निपाणीकडची सिव्हिलची पोरं अधनंमधनं विचारतात, "दादा, न्यूझीलंडला मास्टर्सला जाऊ काय?" म्हणून एकदाच बैजवार लिहितोय. मी क्राइस्टचर्चच्या युनिव्हर्सिटी ऑफ कँटरबरीत २०१२ ला गेलो, मोठ्या भूकंपाला तेव्हा जेमतेम वर्ष झालेलं. आमच्या आज्जीनं १९६७ चा कोयनेचा धक्का खाल्लाय, तिला काय ते पटलं नाही, "सगळं जग सोडून भूकंपाच्याच गावात मरायला कशाला" म्हणून बसली होती. खरं मला तिथंच जायचं होतं.

आधी काय झालं ते सांगतो. ४ सप्टेंबर २०१० ला पहाटे ७.१ चा भूकंप झाला, केंद्र गावाबाहेर पश्चिमेला, लोक झोपलेले, नुकसान झालं खरं मोठी जीवितहानी टळली. मग २२ फेब्रुवारी २०११ ला दुपारी १२:५१ ला ६.३ चा झाला आणि १८५ माणसं गेली. आकडा लहान आणि तडाखा मोठा, कारण हा शहराच्या अगदी जवळ, उथळ, आणि वेळ भर दुपारची. रिक्टरचा आकडा बघून अंदाज बांधायची आपली जी सवय आहे ती पहिल्याच आठवड्यात गळून पडते.

युनिव्हर्सिटी इलम भागात, मधल्या शहरापासून थोडी लांब, त्यामुळं कॅम्पस जमीनदोस्त वगैरे झाला नाही. खरं बिल्डिंग उभी आहे म्हणजे वापरता येते असं नसतंय ओ. एकेक बिल्डिंग तपासून होईपर्यंत कुलूप, म्हणून २०११ मध्ये पार्किंगमध्ये मोठे तंबू ठोकून लेक्चर घेतली. मी गेलो तोवर तंबू जाऊन प्रीफॅब, म्हणजे आणून ठेवलेल्या तयार खोल्या, आलेले, कॅम्पसच्या डोव्हडेल आणि कर्कवूड भागात तर त्यांची वस्तीच झालेली. पाऊस आला की पत्र्यावर असा आवाज की मागच्या बाकावर काही ऐकू येत नाही, मग सर थांबायचे आणि आम्ही खिडकीतनं क्रेन बघत बसायचो. अ‍ॅडमिशन कमी झाल्यामुळं युनिव्हर्सिटी पैशाच्या पण अडचणीत होती, २०१३ मध्ये सरकारनं इंजिनिअरिंग आणि सायन्सच्या बिल्डिंगींसाठी २६ कोटी डॉलरपर्यंत मदत जाहीर केली तेव्हा कुठं जरा हायसं वाटलं. त्यामुळं भूकंप नुकताच होऊन गेलेल्या असल्या कॅम्पसवर जाताना झकपक लॅबचे फोटो बघून जाऊ नका, वर्ग बदलणार, लायब्ररीचा एखादा मजला बंद असणार, ड्रिलचा आवाज चालूच राहणार हे धरूनच चला.

आता खरी शिकायची गोष्ट. भूकंपानंतर पटापट पाहणी करून बिल्डिंगला हिरवं, पिवळं नाहीतर लाल स्टिकर लावतात. हिरवं म्हणजे सेफ असं आपण धरणारच की, तिथं लोकांनी पण तेच धरलं. मधल्या शहरातल्या सीटीव्ही (कँटरबरी टेलिव्हिजन) बिल्डिंगला सप्टेंबरच्या भूकंपानंतर हिरवंच स्टिकर मिळालेलं, फेब्रुवारीत तीच कोसळली आणि त्या एकाच जागी ११५ माणसं गेली. डिझाइन १९८६ चं, म्हणजे काय पुराणकाळातली नव्हे, खरं कॉलमच्या काँक्रीटला घट्ट धरून ठेवणाऱ्या सळीच्या रिंगा फार लांब लांब अंतरावर. वरवर बघून केलेली पाहणी आणि ड्रॉइंग काढून केलेली तपासणी यातला फरक मला तिथं कळला, आणि पुढं नोकरीत मला कामाला आलं ते हेच. बॉब पार्क आणि टॉम पॉले या प्रोफेसरांनी याच युनिव्हर्सिटीत वाकून सुद्धा न तुटणाऱ्या काँक्रीटवर काम केलं. कुठला भाग आधी वाकू द्यायचा, म्हणजे बीम, आणि कुठला काही झालं तरी जपायचा, म्हणजे कॉलम, हे आधीच ठरवून डिझाइन करायचं, असा त्यांचा हिशोब. आपला आयएस १३९२०, म्हणजे भूकंपात टिकणाऱ्या काँक्रीटचा भारतीय कोड, त्याच अंगानं जातो.

म्हणून जायच्या आधी एक करा, आरपीडी क्रॉसकडं नाहीतर तुमच्या गल्लीत जिथं कुठं स्लॅबचं काम चालू असेल तिथं जाऊन कॉलमच्या रिंगा बघा. रिंगेचं टोक १३५ अंशात आत, काँक्रीटच्या पोटात वळलेलं पाहिजे. बऱ्याच ठिकाणी बार बेंडर ९० वरच सोडतो, कारण बसवायला सोपं पडतंय. धक्क्यात बाहेरचं काँक्रीट सुटलं की तसली रिंग उघडते आणि आतले उभे बार फुगून बाहेर येतात. मिस्त्रीला विचारलं तर "काय होत नाही ओ सायब, आपल्यात कुठं भूकंप" म्हणणार, खरं आयएस १८९३ या भूकंपाच्या भारतीय कोडच्या २०१६ च्या यादीत बेळगाव झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे. हे डोळ्यानं बघून गेलेल्या पोराला तिथली पहिली सेम सोपी जाते, माझं ठाम मत आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. तुमच्या कॉलेजच्या सिव्हिल ब्रँचला एनबीएचं (नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशन) अ‍ॅक्रेडिटेशन, म्हणजे मान्यता, आहे काय आणि ते टियर १, म्हणजे स्वायत्त कॉलेजांच्या वर्गातलं, आहे काय हे ऑफिसात विचारून घ्या. भारत २०१४ पासून वॉशिंग्टन अकॉर्डमध्ये, म्हणजे एकमेकांच्या इंजिनिअरिंग डिग्र्या मानायच्या देशांच्या करारात आहे, खरं त्यात फक्त टियर १ वाल्या डिग्र्या धरतात, पुढं तिकडं चार्टर्ड इंजिनिअर व्हायचं असेल तर हे आडवं येतं. मार्क, इंग्रजीची परीक्षा वगैरे एजंट सांगतीलच, हे कोण सांगत नाही.

राहायला घर घेताना जमिनीचं विचारा. आपल्याकडं खाली जांभा नाहीतर काळा दगड, तिथं बऱ्याच भागात रेताड ओली माती. जोरात हलली की आतलं पाणी दाबानं वर येतं आणि जमीन पातळ होते, अंगणात राखाडी गाळाचे ढीग. त्यावेळी विद्यार्थ्यांनी फेसबुकवर जमून फावडी घेऊन घराघरातला गाळ उपसला, स्टुडंट व्हॉलंटिअर आर्मी म्हणतात ती हीच. नंतर सुमारे ८,००० घरांची जागा रेड झोन म्हणून सरकारनं विकत घेतली, उरलेल्या जमिनीचे टीसी१, टीसी२, टीसी३ (टीसी म्हणजे टेक्निकल कॅटेगरी) असे वर्ग पाडले. टीसी३ म्हणजे पुढच्या मोठ्या धक्क्यात जास्त दबणारी. मालकाला सरळ विचारा वर्ग कुठला आणि रिपेरी झाली काय, त्यात लाजायचं काही नाही, तिथं सगळेच विचारतात. घरं लाकडी सांगाड्याची, हलकी, छोट्या धक्क्याला नुसती करकरतात, त्याची सवय होते. कपाट तेवढं भिंतीला स्क्रूनं बांधून घ्या आणि पलंगाच्या डोक्याशी पुस्तकांची रॅक ठेवू नका.