पावसातल्या चिकन-नूडल्सची तयारी

पहिलं काम फ्रीज उघडायचं नाही, भिंतीवरचं कॅलेंडर बघायचं. श्रावण लागायला किती दिवस राहिलेत ते आधी पाहून घ्या. एकदा श्रावण लागला की निम्म्या घरांत महिनाभर चिकनचं नाव काढता येत नाही. मग जेवायला येणाऱ्यांत सोमवार कुणाचा, गुरुवार कुणाचा, शनिवार कुणाचा हे विचारा. आपल्याकडं घरात चार माणसं असली तर चौघांचे वार वेगळे. सगळ्यांचं जमतं ते बुधवारी नाहीतर रविवारी. मी बुधवार धरा म्हणेन. आखाडातल्या रविवारी चिकनच्या दुकानापुढं रांग असते आणि घरात तांबडा-पांढरा सोडून दुसरं काही केलं तर तोंडं वाकडी होतात. बुधवारी संध्याकाळी ऑफिसातून भिजून आलेला माणूस मात्र वाडगाभर गरम काहीतरी मिळालं की तक्रार करत नाही.

पाहुणे पन्हाळा, जोतिबाकडून कोल्हापुरात येणार असतील तर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघून बोलवा. ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. केर्लीजवळ रस्त्यावर पाणी आलं की तुमचा रस्सा तयार असेल आणि पाहुणे पलीकडं अडकलेले असतील.

आता पदार्थ काय आहे ते डोक्यात पक्कं करा, कारण यादी त्यावरूनच ठरते. तांबड्या-पांढऱ्याच्या आधी बारक्या पोरांसाठी जो अळणी, म्हणजे बिनतिखटाचा पातळ रस्सा, काढून ठेवतात, तोच इथं मुख्य आहे. म्हणजे कोल्हापूरच्या कुठल्याही स्वयंपाकघराला अर्धी कृती आधीच येते. उरलेल्या अर्ध्यात फक्त गाजर, कांदा आणि नूडल्स. घाई करायची नाही आणि नूडल्स रश्शात आधीपासून टाकून ठेवायच्या नाहीत, एवढे दोनच नियम. नूडल्स पातेल्यात पडून राहिल्या की रस्सा पितात आणि फुगतात. अर्ध्या तासात पातेल्यात रस्सा उरत नाही, लगदा उरतो. म्हणून सगळी आखणी अशी करायची: रस्सा दुपारी, भाज्या संध्याकाळी आणि नूडल्स माणसं हात धुऊन बसल्यावर.

खरेदीत चिकनपासून सुरुवात करू. पाच माणसांना हाडासकट सव्वा किलो पुरे. दुकानात आधीच सांगून ठेवा, ‘मामा, मोठे पीस करा, पाठ आणि मान फेकू नका.’ रस्सा हाडांतून येतो; बोनलेस घेतलं तर पाण्यात शिजवलेले तुकडे मिळतील, रस्सा मिळणार नाही. पाय मिळत असतील तर चार मागून घ्या. नखं तोडायची, उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून वरचं पिवळं साल ओढून काढायचं, की झालं. पायांत आणि सांध्यांत जे चिवट असतं ते मंद आचेवर हळूहळू विरघळून पाण्यात उतरतं. त्यानंच रश्शाला अंग येतं. असा रस्सा गार झाल्यावर जेलीसारखा थरथरला तर घाबरू नका, तीच चांगल्या रश्शाची खूण.

गावठी कोंबडी घ्यायची का? चव तिचीच जास्त, यात वाद नाही. पण ती दीड-दोन तास मागते, आणि गॅसवर एवढा वेळ लक्ष ठेवायला घरात कुणी असेल तरच तिच्या वाटेला जा. बॉयलर घेतलं तर चव पाठ, मान आणि पाय भरून काढतात. चिकन सकाळी आणून दुपारी रस्सा लावणार असाल तर मधल्या वेळात फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात झाकून ठेवा. वर ठेवलं तर त्याचं पाणी खालच्या कोथिंबिरीवर ठिबकतं. कच्चं चिकन दोन दिवसांपेक्षा जास्त फ्रीजमध्ये राहू देऊ नका.

भाजीसाठी कपिलतीर्थ मार्केट असो की लक्ष्मीपुरी, पिशवी हलकीच राहणार आहे. दोन मोठी गाजरं, दोन कांदे, कांद्याच्या पातीची जुडी, आलं, लसणाचा एक गड्डा, देठासकट कोथिंबीर, दोन लिंबं. पावसाळ्यात लाल गाजर मिळत नाही, केशरी घ्या. रश्शात ते जास्त टिकतं. सेलरी शोधत फिरू नका. तिचं काम कोथिंबिरीचे देठ चांगलं करतात, आणि ते एरवी कचऱ्यातच जातात. कुंडीत ओव्याचं रोप असेल तर एकच पान, तेही शेवटी काढून टाकायचं. दोन घातली तर रश्शाला काढ्याचा वास येईल.

नूडल्सचं पाकीट निवडताना वेळ घालवला तरी चालेल. बिनमसाल्याच्या, जरा जाड आणि चपट्या मिळाल्या तर सगळ्यात चांगल्या, नाहीतर साध्या हक्का नूडल्स. माणशी ७० ते ७५ ग्रॅम धरा. दीडशे ग्रॅमचं पाकीट असेल तर दोघांना एक. म्हणजे पाच जणांना अडीच, आणि तिसरं पाकीट आणायचंच, कारण तरणी पोरं दुसऱ्यांदा वाडगा पुढं करतात. दोन मिनिटांच्या नूडल्स चालतील का, हे प्रत्येक घरात कुणीतरी विचारतंच. चालतील, पण मसाल्याची पुडी बाजूला ठेवायची. ती रश्शात पडली की दोन-अडीच तास राबून काढलेल्या रश्शाला पुडीचीच चव येते. त्या नूडल्स तेलात तळून वाळवलेल्या असतात, म्हणून शिजायलाही कमी वेळ द्या. उन्हाळ्यात केलेल्या गव्हाच्या शेवया डब्यात शिल्लक असतील तर त्या बारक्यांच्या वाडग्यात घाला. बारीक असतात, दोन-तीन मिनिटांत मऊ होतात, पोरांच्या घशात अडकत नाहीत. मोठ्यांना मात्र त्यांत चावायला काही सापडत नाही.

घरी नूडल्स करायची हौस असेल तर दोनशे ग्रॅम मैद्याला दोन अंडी आणि चिमूटभर मीठ. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट भिजवायचं, आठ-दहा मिनिटं तळव्यानं रगडायचं आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास सोडायचं. मग पोळीपेक्षा पातळ लाटून, मैदा भुरभुरून, सैल गुंडाळी करून सुरीनं पट्ट्या कापायच्या. एवढ्यात तीन-चार माणसं होतात. अडचण पुढं आहे. जुलैतल्या कोल्हापूरच्या हवेत काही वाळत नाही, कपडे वाळत नाहीत तिथं नूडल्स कुठल्या वाळणार! पट्ट्या ताटात ढीग करून ठेवल्या तर पुन्हा कणकेचा गोळा होतो. म्हणून त्या स्वच्छ धोतरावर सुट्या पसरून पंख्याखाली ठेवा, आणि लाटायला बसाल ते जेवणाच्या दोन तास आधी, सकाळी नाही.

सामान आलं की गॅसकडं बघा. सिलिंडर हलवून अंदाज घ्या, नाहीतर दुसरा भरलेला आहे याची खात्री करा. रस्सा दोन-अडीच तास मंद आचेवर राहणार आहे आणि शेवटच्या दहा मिनिटांत दोन्ही शेगड्या एकाच वेळी लागणार आहेत. भांड्यांत पाच लिटरचं जाड बुडाचं पातेलं रश्शाला, घरातलं सगळ्यात मोठं पातेलं नूडल्सला, एक मोठी चाळणी, एक झारा, आणि गाळायला सुती फडकं. जेवायला खोल वाडगे हवेत. वाटीत हे जेवण बसत नाही आणि ताटात ते पळतं.

विळीचा क्रम ठरवून घ्या. गाजर, कांदा, पात, कोथिंबीर आधी चिरून बाजूला ठेवा आणि त्यानंतरच चिकनला हात लावा. उलटं झालं तर विळी, हात आणि ओटा साबणानं धुतल्याशिवाय भाजीला शिवू नका. चिकन धुतल्याशिवाय आपल्या घरांत शिजतच नाही, हे मला ठाऊक आहे. धुवायचंच असेल तर वाहत्या नळाखाली नको, त्याचे शिंतोडे शेजारच्या भांड्यांवर उडतात. पातेल्यात पाणी घेऊन हळू हातानं धुवा आणि पाणी सावकाश ओता. उकळल्यावर जंतू मरतात, पण पातेल्यात पडलेलेच. ओट्यावर उडालेले तिथंच राहतात.

रस्सा दुपारी तीनला लावा, म्हणजे साडेआठच्या जेवणाला घाई होत नाही. चिकन, पाय आणि पावणेतीन लिटर गार पाणी एकत्र घेऊन गॅसवर ठेवा. गार पाण्यातून सुरुवात केली की फेस हळूहळू वर येतो आणि झाऱ्यानं काढता येतो. उकळी यायला लागली की दहा मिनिटं पातेल्यापाशीच उभं राहायचं आणि फेस काढत राहायचं. फेस निघाल्यावर मगच बाकीचं घालायचं: सोललेला एक कांदा अर्धा करून, ठेचलेल्या सात-आठ लसूण पाकळ्या, इंचभर आलं, दहा-बारा मिरी, कोथिंबिरीचे देठ, चिमूटभर हळद आणि एक चमचा मीठ. उरलेलं मीठ शेवटी, कारण रस्सा आटत जातो आणि नूडल्सही खारट पाण्यात शिजणार आहेत. आच इतकी मंद ठेवा की एखाद-दुसरा बुडबुडाच वर यावा. रटरट उकळलं तर चरबी पाण्यात फुटून मिसळते आणि रस्सा गढूळ होतो.

इथं थोडं लक्ष लागतं. छातीचे पीस वीस-पंचवीस मिनिटांत शिजतात, त्यानंतर ते दोरीसारखे होत जातात. ते आधी काढा. तंगड्या आणखी पंधरा-वीस मिनिटांनी. घरात स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर जाड पिसाच्या आत ७४ अंश सेल्सियस दिसलं पाहिजे. नसेल तर हाडाजवळ सुरी टोचा. आत गुलाबी राहायला नको आणि रस स्वच्छ यायला हवा. कोमट झाल्यावर मांस बोटांनी सोडवून झाकून ठेवा आणि हाडं परत पातेल्यात टाका. त्यांना आणखी तासभर द्या. वेळ नसेल तर हाडं आणि पाणी कुकरला लावून वाफ धरल्यावर वीस मिनिटं, मग वाफ आपोआप जिरू द्या. रस्सा थोडा गढूळ होईल, चवीला कमी पडणार नाही.

फडक्यातून गाळल्यावर दोन लिटरच्या आसपास रस्सा हातात येतो. वरची चरबी सगळी टाकून देऊ नका, दोन चमचे बाजूला काढून ठेवा. पुढं कांदा-गाजर त्याच चरबीत परतायचंय. जेवायला दोन तासांपेक्षा जास्त वेळ असेल तर रस्सा आणि मांस ओट्यावर ठेवू नका. मोठ्या परातीत गार पाणी घेऊन त्यात पातेलं ठेवा, रस्सा लवकर निवतो, मग दोन्ही फ्रीजमध्ये.

संध्याकाळी साडेसातला काढून ठेवलेली चरबी तापवून उरलेला कांदा बारीक चिरून परता, लाल करायचा नाही. गाजराच्या चकत्या घाला, पाच मिनिटांनी रस्सा ओता आणि गाजर मऊ होईपर्यंत उकळा. दाट हवा असेल तर एक चमचा कॉर्नफ्लॉवर गार पाण्यात कालवून घाला. या टप्प्यावर घरातलं कुणीतरी खसखस, काजू आणि नारळाच्या दुधाची आठवण काढणार, हे धरून चाला. ठाम नाही म्हणा. ते घातलं की पांढरा रस्सा झाला, आणि पांढऱ्याला भाकरी लागते, नूडल्स त्यात उपऱ्या वाटतात. मऊपणा हवा असेल तर म्हशीच्या दुधाची दोन चमचे साय फेटून, गॅस बंद केल्यावर मिसळा. साय घातली तर पातेल्यात लिंबू पिळायचं नाही, फाटते. लिंबाच्या फोडी ज्याच्या त्याच्या ताटलीत द्या.

सव्वाआठला मोठ्या पातेल्यात चार लिटर पाणी, त्यात दोन मोठे चमचे मीठ. पाकिटावर नूडल्समध्ये आधीच मीठ असल्याचं लिहिलेलं असेल तर अर्धं घाला. खळखळ उकळी आली की हाका मारा. सगळे बसलेले दिसल्याशिवाय नूडल्स पाण्यात सोडायच्या नाहीत. पाकिटावर जेवढी मिनिटं लिहिलीत त्याच्या एक मिनिट आधी चाळणीत ओता. घरी केलेल्या ताज्या असतील तर तीन-चार मिनिटं पुरतात. चिकटू नयेत म्हणून तेल चोळायची सवय इथं सोडा, तेलकट नूडल्सवरून रस्सा निसटतो. प्रत्येक वाडग्यात आधी नूडल्स, त्यावर सोडवलेलं मांस, आणि वरून उकळता रस्सा. मांस रश्शात मिनिटभर गरम केलेलं असावं, फ्रीजमधून थेट वाडग्यात नको. वर पात, कोथिंबीर, ताजी कुटलेली मिरी.

टेबलावर आणखी तीन गोष्टी हव्यात. मिसळीबरोबर खातो तसल्या ब्रेडच्या जाड स्लाइस, वाडग्याचा तळ पुसायला. घरच्या कांदा-लसूण चटणीची बरणी, कारण ती दिसली नाही तर अर्धी मंडळी आजारपणाचं जेवण समजतील. ज्याला हवी त्यानं आपल्या वाडग्यात घ्यावी, पातेल्यात घालू नये. आणि वाटीभर तांदळाचा मऊ भात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नूडल्स कितीही आवडल्या तरी शेवटी भात लागतो, आणि त्यावर हाच अळणी ओतून दिला तर दुसरं काही करावं लागत नाही.

उरलेला रस्सा आणि उरलेल्या नूडल्स वेगळ्या डब्यांत फ्रीजमध्ये ठेवा. रस्सा तीन दिवस राहतो, काढाल तेव्हा पूर्ण उकळून घ्या. नूडल्स दुसऱ्या दिवशी सकाळीच संपवा: कढईत कोबी, पात आणि एक अंडं परतून त्यात टाकल्या की डब्याचा प्रश्न सुटतो.