२३१ पावडर मिळेना, तेव्हा

टेक्सासमध्ये राहून मी ४५ एसीपी या प्रकारची पिस्तुलाची काडतुसं घरीच भरतो, नेमबाजी क्लबच्या सरावासाठी. त्यात घालायची माझी नेहमीची पावडर, म्हणजे गोळी उडवणारी दारू, विंचेस्टर २३१. मधे ती दुकानांतून गायबच झाली.

ओळखीच्यांनी सुचवलं, जळण्याच्या वेगाच्या तक्त्यात शेजारची कुठलीही घे. हे मला अजिबात पटलं नाही. तो तक्ता फक्त क्रम सांगतो, किती वजनाची पावडर भरायची ते नाही. शेजारच्या दोन पावडरींची घनता वेगळी, दाब वाढण्याची तऱ्हा वेगळी. एकीचं माप दुसरीला लावणं म्हणजे हात आणि डोळे पणाला लावणं. ४५ एसीपीची कमाल दाबमर्यादा २१,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंडांत मोजलेला दाब) आहे, ९ मिमी या दुसऱ्या पिस्तुली काडतुसाची ३५,०००. म्हणजे इथे मुळातच मोकळीक कमी.

उत्तर डब्यावरच्या नावात दडलेलं होतं. हॉजडन या पावडर विकणाऱ्या कंपनीची एचपी-३८ आणि २३१ ही एकच पावडर आहे, दोन लेबलांखाली विकली जाणारी. फ्लोरिडातल्या सेंट मार्क्सच्या कारखान्यात बनते. हॉजडनच्या तक्त्यात दोन्हींचे आकडेही जुळतात. एचपी-३८ सहज मिळाली.

तरीही जुनं माप तसंच चालवलं नाही. लॉट बदलला की वेग थोडा बदलू शकतो, म्हणून त्याच गोळीच्या छापील सुरुवातीच्या मापापासून पुन्हा चढत गेलो, प्रत्येक टप्प्यावर प्रायमर (बुडाची ठिणगी देणारी टोपी) आणि केस (काडतुसाचं धातूचं नळकांडं) तपासत. शिवाय ही पावडर इतकी कमी लागते की केसमध्ये चुकून दोनदा पडली तरी मावते. त्यामुळे गोळी बसवण्याआधी प्रत्येक केसमध्ये दिवा धरून बघतोच. जुन्या डब्यातली उरलेली पावडर नव्यात मिसळली नाही.